कॉम्प्युटर गप्प झाला तर: अंध वापरकर्त्यांसाठी पहिला अर्धा तास

ही वेळ प्रत्येकावर येते. रात्री चांगला बोलत होता, सकाळी चालू केला आणि चकार शब्द नाही. टॅब दाबा, बाण दाबा, विंडोज की दाबा, उत्तर नाही. नवा माणूस अशा वेळी हाताला लागेल ते बटण दाबत सुटतो आणि एका बिघाडाचे तीन करून ठेवतो. मीही केलेत.

आपली अडचण जरा विचित्र आहे. आवाज दुरुस्त करायला सेटिंगमध्ये जावं लागतं, आणि सेटिंगमध्ये कुठे पोचलो ते कळायला आवाज लागतो. तरीही दहापैकी आठ-नऊ वेळा कुणा डोळस माणसाला हाक न मारता हे सुटतं. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्यांना धरून लिहिलंय. 'एनव्हीडीए की' म्हटलं की इन्सर्ट समजा. बटणांची अक्षरं इंग्रजी विंडोजची आहेत. कमांड मी अक्षरं सुटी करून देतोय, स्क्रीन रीडर स्पेलिंग वाचतो तशी.

आधी एक नियम, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे

जुन्या घरांत दोरीचा दिवा असायचा. एकदा ओढली की लागला, पुन्हा ओढली की विझला. दिवा लागलाय का हे दिसत नसेल तर ती दोरी ओढून उपयोग काय? कॉम्प्युटरवर अशा दोऱ्या बऱ्याच आहेत. म्यूटचं बटण ही दोरी. विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्डची भाषा बदलणं ही दोरी. एनव्हीडीए की आणि एस, म्हणजे बोलणं बंद, बीप, चालू असं फिरत राहणारं बटण, ही तर तीन-चार गाठींची दोरी.

आवाज नसताना या दोऱ्यांना हात लावायचा नाही. आधी काय स्थिती होती ते ठाऊक नाही, नंतर काय झाली तेही कळणार नाही. त्याऐवजी एकमार्गी बटणं वापरायची. आवाज वाढवायचं बटण एकमार्गी आहे, कितीही वेळा दाबा, आवाज वाढेल नाहीतर आहे तिथे राहील. एनव्हीडीए नव्याने सुरू करणं एकमार्गी आहे. मशीन रीस्टार्ट करणंही. या लेखातली जवळजवळ प्रत्येक युक्ती म्हणजे एखाद्या दोरीच्या जागी शोधलेलं एकमार्गी बटण आहे.

मशीन जागं आहे का?

आवाज नाही म्हणजे आवाजच बिघडला असं नसतं. लॅपटॉपच्या तळाला हात लावा, कोमट लागतोय का, पंख्याची झुळूक बाजूच्या जाळीतून येतेय का. विंडोज ११ बहुतेक मशीनवर सुरू होताना छोटी धून वाजवतं. ती ऐकू आली असेल तर स्पीकर ठीक आहे, दुखणं पुढे कुठेतरी आहे.

मोबाइलवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हा फोनचा स्क्रीन रीडर असेल तर फोन हा तुमचा दुसरा आवाज. सीइंग एआय, लुकआउट, बी माय आइज यांतलं एखादं कॅमेऱ्याने वाचून दाखवणारं ॲप आधीच टाकून ठेवा. स्क्रीनपासून फूट-दीड फूट लांब, मधोमध, फोन सरळ धरा आणि वाचून घ्या. पहिल्यांदा अर्धवट वाचेल, थोडा मागे घ्या. 'अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका' असं वाचलंत तर काम संपलं, चहा प्या.

इथे एक खास आपला घोळ सांगतो. माझा लॅपटॉप एकदा गप्प झाला तेव्हा मी आईला बोलावलं.

"आई, स्क्रीनवर काय लिहिलंय गं?"

"काही नाही रे. काळी आहे पूर्ण."

"लाइट गेलाय का त्याचा?"

"मला काय ठाऊक? बंदच दिसतोय. दुकानात ने."

दुकानात नेला. तिथल्या माणसाने विंडोज नव्याने टाकावं लागेल असं सांगितलं, आणि मी हो म्हणणार तेवढ्यात आठवलं: स्क्रीन कर्टन. आपण काय करतोय ते बाजूच्याला दिसू नये म्हणून एनव्हीडीएचा पडदा मीच चालू ठेवला होता. मशीन उत्तम चालू होतं, फक्त आवाज स्पीकरऐवजी दुसरीकडे जात होता. म्हणून डोळस माणसाला किंवा फोनच्या कॅमेऱ्याला स्क्रीन दाखवण्याआधी एनव्हीडीए की आणि क्यू दाबा, मग एंटर. एनव्हीडीए बंद झाला की पडदाही उठतो.

पहिल्या पाच मिनिटांत करायचं

वायर, बटण, खोबण. बाहेरचे स्पीकर असतील तर त्यांचा प्लग आणि आवाजाची चकती बघा. घरात झाडू मारताना कुणाच्या तरी हाताने ती फिरते, यावर मी पैज लावायला तयार आहे. लॅपटॉप असेल तर हेडफोनची पिन खोबणीत घालून काढा, पाच-सहा वेळा. खोबणीत कचरा अडकला की मशीनला वाटतं हेडफोन अजून लावलेलेच आहेत, आणि ते आवाज त्या नसलेल्या हेडफोनला पाठवत बसतं. हेडफोनच वापरत असाल तर फोनला लावून ऐका, म्हणजे दोष त्यांचा नाही हे कळेल.

मग आवाज वाढवायचं बटण. विंडोज एका दाबाला दोन टक्के वाढवतं, म्हणजे शून्यापासून शंभरावर जायला पन्नास दाब. पंचवीस वेळा दाबा, निम्म्यावर नक्की गेलात. याने म्यूटही सुटतं, म्हणून म्यूटच्या बटणाकडे जायची गरज नाही. काही लॅपटॉपवर ही बटणं वरच्या एफ ओळीत एफएन दाबून चालतात. तुमच्या मशीनवर नेमकी कुठली, हे आज, आवाज असताना, शोधून बोटांना शिकवून ठेवा.

आता कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबा. एनव्हीडीए बसवताना डेस्कटॉपवर जो शॉर्टकट तयार होतो त्याची ही चावी. चालू असलेला एनव्हीडीए बंद होऊन नव्याने सुरू होतो. कुणी चुकून एनव्हीडीए की आणि एस दाबून बोलणं बंद केलं असेल तर ते इथेच सुटतं, कारण नव्याने सुरू झालेला एनव्हीडीए बोलत्या स्थितीतच उठतो. बऱ्याच तक्रारी या एका चावीवर मिटतात. (जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी इन्सर्ट आणि स्पेस, मग एस, ही दोरी आपल्याकडून चुकून ओढली गेली का ते आठवावं.)

धून ऐकू आली का?

कंट्रोल ऑल्ट एन दाबल्यावर कान द्या. एनव्हीडीए सुरू होताना चढत्या सुरांची छोटी धून वाजते. तपासाची दिशा तिच्यावरून ठरते.

धून वाजली पण बोलणं नाही. म्हणजे स्पीकर ठीक, विंडोज ठीक, आवाज जातोय तोही योग्य ठिकाणी. बिघाड बोलणाऱ्या इंजिनात आहे, ज्याला सिंथेसायझर म्हणतात. सिंथेसायझरच्या यादीत 'नो स्पीच' असाही एक पर्याय असतो आणि बाणाने यादीत फिरताना तो निवडला जाऊ शकतो. एनव्हीडीए बंद होताना सेटिंग आपोआप जतन करतो, त्यामुळे नव्याने सुरू केलं तरी तेच. यावर एकमार्गी उपाय: एनव्हीडीए की, कंट्रोल आणि आर, पटपट तीन वेळा. एनव्हीडीए कारखान्यातून आला तसा होतो. तुमचा वेग, तुमची भाषा, तुमचा आवाज सगळं जाईल, ते पुन्हा लावा. इथे कॅप्स लॉक न वापरता इन्सर्टच वापरा, कारण नव्या कोऱ्या एनव्हीडीएला कॅप्स लॉक ही आपली की आहे हे ठाऊक नसतं.

मराठी वाचायला ईस्पीक हा सिंथेसायझर लावणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्याचा आवाज डब्यात बसून बोलल्यासारखा आहे हे कबूल, पण तो एनव्हीडीएच्या पोटातच येतो, विंडोजच्या अपडेटने पळून जात नाही. विंडोजचे स्वतःचे आवाज कानाला गोड आहेत, रोज खुशाल वापरा. पण ईस्पीकचा वेग आणि उच्चार कानाला थोडे ओळखीचे असू द्या.

धूनही नाही, बोलणंही नाही. मग नॅरेटरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरला, विचारायचं. कंट्रोल, विंडोज आणि एंटर. ही दोरी आहे हे लक्षात ठेवा: एकदा दाबा, दहा-पंधरा सेकंद थांबा. नॅरेटर बोलला तर विंडोजचा आवाज शाबूत आहे, दुखणं एनव्हीडीएचं आहे. बहुधा एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये कुठलं तरी दुसरंच डिव्हाइस निवडलेलं असतं, किंवा विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये एनव्हीडीएची पट्टी शून्यावर असते. नॅरेटरच्या मदतीने विंडोज आर दाबा (कमांड लिहायची पेटी उघडते), एस एन डी व्ही ओ एल लिहा, एंटर, मिक्सर उघडेल. विंडोज ११ च्या सेटिंगमधल्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये सगळ्या ॲपचे आवाज आणि डिव्हाइस मूळ जागी नेणारं रीसेटचं बटणही आहे. काम झालं की नॅरेटर त्याच चावीने बंद करा, नाहीतर दोघे एकदम बोलायला लागतात आणि गप्प मशीन बरं होतं असं वाटतं.

नॅरेटरही गप्प राहिला तर तीच चावी पुन्हा दाबून त्याला बंद करा आणि पुढे चला.

आवाज गेला नाही, दुसरीकडे गेलाय

हे कारण मी सगळ्यात जास्त वेळा बघितलंय, त्यामुळे इथे थोडा थांबतो.

एका कॉलेजात संगणक शिकवायला गेलो होतो. चाळीस-एक मुलं समोर. आयोजकांनी प्रोजेक्टरची जाड वायर लॅपटॉपला लावली आणि माझ्या कानातला आवाज कापल्यासारखा गेला. मी कंट्रोल ऑल्ट एन दाबतोय, आवाज वाढवतोय, कपाळावर घाम. शेवटी एका मुलीने सांगितलं, "सर, तुमची स्लाइड पुढे पुढे सरकतेय." मशीन माझं ऐकत होतं, मला मात्र ऐकवत नव्हतं. ती वायर काढली आणि एनव्हीडीए वाक्य मधूनच पकडून बोलू लागला.

झालं असं की एचडीएमआयच्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. वायर लावली की विंडोजला नवा स्पीकर सापडल्यासारखा वाटतो आणि ते सगळा आवाज तिकडे वळवतं. पलीकडे टीव्ही असेल तर निदान तिथून ऐकू येतं. प्रोजेक्टर किंवा बिनस्पीकरचा मॉनिटर असेल तर आवाज विहिरीत पडतो. म्हणून पहिला उपाय अगदी साधा: मॉनिटर, टीव्ही, डॉक, ब्लूटूथ, जे जोडलंय ते काढा आणि पाच सेकंद थांबा.

वायर काढता येत नसेल, उदाहरणार्थ समोर चाळीस मुलं बसलीत, तर आवाज हाताने परत आणायचा. त्यासाठी ध्वनीची जुनी खिडकी उत्तम, कारण तिच्यात शिरल्या शिरल्या आपण डिव्हाइसच्या यादीवर असतो. विंडोज आर दाबा. एम एम एस वाय एस, डॉट, सी पी एल असं सलग लिहा. एंटर. दोन-तीन सेकंद जाऊ द्या. आता यादीत लॅपटॉपच्या स्पीकरवर जायचं. त्याचं नाव बहुधा स्पीकर्स असतं, म्हणून एस पी ई ही तीन अक्षरं भराभर दाबा, यादी तिथे उडी मारते. मग ऑल्ट एस, म्हणजे 'हाच नेहमीचा ठेव'. बोलणं लगेच परत यायला हवं. एस्केप दाबून बाहेर या. आवाज आला नाही तर कंट्रोल ऑल्ट एन.

आता तयारीचा भाग, जो आजच करायचा. त्याच खिडकीत स्पीकरवर जाऊन ऑल्ट पी दाबा. गुणधर्मांच्या पानावर नाव बदलायची जागा आहे. तिथे स्पीकर्स खोडून असं नाव लिहा की त्याचं पहिलं अक्षर दुसऱ्या कुठल्याच डिव्हाइसचं नसेल. माझ्या स्पीकरचं नाव झेड अक्षरावरून आहे. आता प्रोजेक्टर असो की चार ब्लूटूथ हेडफोन, मला मोजत बसावं लागत नाही: विंडोज आर, ती कमांड, एंटर, झेड, ऑल्ट एस. डोळे असते तरी याहून लवकर झालं नसतं. जे एचडीएमआय डिव्हाइस तुम्हाला कधीच नको असतं, त्यावर शिफ्ट एफ१० दाबून त्याला डिसेबल करून टाका, म्हणजे विंडोज तिकडे वळणारच नाही.

विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत कंट्रोल, विंडोज आणि व्ही दाबलं की आवाजाचं डिव्हाइस निवडायची छोटी यादी उघडते. ऐकू येत असताना ती सोयीची आहे. अंधाऱ्या विहिरीत असताना मात्र माझा भरवसा जुन्या खिडकीवरच.

मराठी कीबोर्डचा सापळा

हा सापळा इंग्रजीतल्या सल्ल्यांत तुम्हाला सापडणार नाही. तुम्ही मराठीत पत्र लिहीत होतात, कीबोर्ड मराठीवर होता, आवाज गेला. आता विंडोज आर दाबून वरची कमांड लिहिलीत तर पेटीत देवनागरी अक्षरं पडतात. विंडोज तक्रार करतं, ती तक्रार तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुम्ही म्हणता कमांड खोटी आहे.

विंडोज आणि स्पेसने भाषा बदलते, पण ती दोरी आहे. तिच्याऐवजी एकमार्गी चावी बसवून घ्या. सेटिंगमध्ये टायपिंगच्या पानावर कीबोर्डची प्रगत सेटिंग आहेत, तिथे इनपुट भाषांच्या हॉट कीज अशी लिंक मिळते. यादीत 'इंग्रजीकडे जा' अशी ओळ असते, तिला कंट्रोल शिफ्ट १ द्या. मराठीला कंट्रोल शिफ्ट २. आता कीबोर्ड कुठल्याही भाषेत असो, कंट्रोल शिफ्ट १ दाबलं की तो इंग्रजीच होणार. गप्प मशीनवर काहीही लिहायच्या आधी ही चावी दाबायची सवय लावा.

ब्लूटूथ, मीटिंग आणि एक कान

इथून पुढच्या तक्रारी 'आवाज पूर्ण गेला' अशा नसतात, 'आहे पण धड नाही' अशा असतात, म्हणून लवकर आटपतो.

ब्लूटूथ हेडफोनवर प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर गिळलं जातं, 'फाइल'चं 'इल' ऐकू येतं. हेडफोन वीज वाचवायला झोपतात आणि उठायला क्षणभर घेतात, तेवढ्यात अक्षर निघून जातं. एनव्हीडीए की, कंट्रोल आणि यू दाबून ऑडिओ सेटिंग उघडा. बोलणं संपल्यावर डिव्हाइस किती वेळ जागं ठेवायचं असा आकडा तिथे आहे, तो वाढवा. हेडफोनची बॅटरी थोडी जास्त जाईल, जाऊ द्या.

ब्लूटूथवर आवाज अचानक जुन्या टेलिफोनसारखा खरखरीत झाला तर कुठल्या तरी ॲपने हेडफोनचा माइक चालू केलाय. माइक चालू झाला की जुन्या पद्धतीचे हेडफोन संगीताच्या दर्जावरून फोनच्या दर्जावर उतरतात. मीटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा आणि ऐकायला हेडफोन.

मीटिंग सुरू झाली की एनव्हीडीए कुजबुजल्यासारखा बोलतो? विंडोजला वाटतं फोन आलाय, बाकीचे आवाज कमी करू या. हे ठरवणारी जागा वरच्याच जुन्या खिडकीत आहे: कंट्रोल टॅबने कम्युनिकेशन्स या पानावर जा. तिथे विंडोजने आधीच बाकीचे आवाज ऐंशी टक्के कमी करायचा पर्याय निवडून ठेवलेला असतो. 'काहीही करू नको' निवडा, ओके करा. ऑनलाइन वर्गाला बसणाऱ्या प्रत्येक अंध विद्यार्थ्याने हे पहिल्या दिवशी करावं. उलट बाजूची तक्रार, म्हणजे एनव्हीडीए बोलला की गाणं दबतं, ही ऑडिओ डकिंगची करामत. एनव्हीडीए की, शिफ्ट आणि डी ने तिचे तीन प्रकार फिरतात.

आपल्यातले बरेच जण एकाच कानात इअरफोन घालतात, दुसरा कान घरासाठी मोकळा. अशा वेळी आवाज डाव्या-उजव्यात वाटला गेला की अर्धं जग गायब. एनव्हीडीए की, ऑल्ट आणि एस चुकून दाबलं गेलं तर एनव्हीडीए एका कानात आणि बाकीची ॲप दुसऱ्या कानात जातात. दुसरा इअरफोन कानाला लावून बघा, तिथे सापडेल. कायमचा एकच कान वापरत असाल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली ऑडिओच्या पानावर मोनो ऑडिओ चालू करून टाका.

अजूनही गप्प? मग नव्याने उठवा

रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे. लोकांना दोन्ही सारखेच वाटतात. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, आणि बहुतेक मशीनवर असतंच, तर शटडाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर तसाच ठेवून झोपतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलून आणतं, बिघडलेल्या साउंड ड्रायव्हरसकट, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या प्रोग्रामसकट. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. 'मी काल रात्री बंद करून सकाळी चालू केला, तरी नाही' याचं कारण हे.

आवाजाविना रीस्टार्ट असं करा: आधी कंट्रोल एस, म्हणजे उघडं काम वाचेल. मग विंडोज एक्स, मग यू, मग आर, प्रत्येकाच्या मध्ये सेकंदभर थांबून. दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, जुन्या मशीनला पाच. मग स्पेस दाबून लॉकचा पडदा वर करा, पिन टाका. पिनला एंटर लागत नाही. पासवर्ड असेल तर एंटर. आणखी अर्धं मिनिट थांबून कंट्रोल ऑल्ट एन. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये लॉगिनच्या पडद्यावरही बोलायची सोय आहे, ती चालू ठेवली असेल तर पिन टाकतानाच कळेल की आवाज परतला.

रीस्टार्टला वेळ नसेल तर विंडोजची आवाजाची सेवा तेवढी उठवता येते. त्यासाठी मी डेस्कटॉपवर एक छोटी फाइल करून ठेवलीय. नोटपॅडमध्ये दोन ओळी. पहिली: एन ई टी, स्पेस, एस टी ओ पी, स्पेस, ए यू डी आय ओ एस आर व्ही, स्पेस, स्लॅश, वाय. दुसरी: एन ई टी, स्पेस, एस टी ए आर टी, स्पेस, पुन्हा तेच ए यू डी आय ओ एस आर व्ही. फाइल जतन करताना नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा आणि शेवटी डॉट बी ए टी द्या, नाहीतर नोटपॅड तिला साधी मजकुराची फाइल करून टाकतं. मग डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट बनवा, ऑल्ट एंटरने गुणधर्म उघडा, शॉर्टकट कीच्या जागी एक अक्षर दाबा, कंट्रोल आणि ऑल्ट विंडोज स्वतः जोडतं. ॲडव्हान्स्ड बटणात प्रशासक म्हणून चालव हा चौकोन टिकमार्क करा. आता गरज पडली की ती चावी दाबायची, दोन सेकंद थांबायचं, परवानगीच्या पेटीला ऑल्ट वाय म्हणायचं. पाच सेकंदांत सेवा नव्याने उठते. मग कंट्रोल ऑल्ट एन.

ड्रायव्हरच बिघडला असेल, विशेषतः एखाद्या अपडेटनंतर, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन साउंडचं डिव्हाइस अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करायचा सल्ला सगळेच देतात. सल्ला बरोबर आहे. पण आपल्यासाठी तो म्हणजे बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड, कारण अनइन्स्टॉल होताच पुढच्या पायरीला आवाज नसतो. आधी दुसरी फांदी पकडा, मग पहिली तोडा.

दोन-चारशे रुपयांची दुसरी फांदी

ती फांदी म्हणजे यूएसबी साउंड कार्ड. अंगठ्याएवढी डबी, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला हेडफोनची खोबण. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, ऑनलाइनही, दोन-चारशे रुपयांत मिळते. तिचा फायदा हा की साधी यूएसबी साउंड कार्डं विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात. लॅपटॉपचा साउंड ड्रायव्हर कितीही रुसला तरी ही डबी वेगळ्या वाटेने बोलते. खोचली की बहुतेक वेळा आवाज आपोआप तिकडे वळतो, एनव्हीडीए ऐकू येतो, आणि मग ड्रायव्हरची कुऱ्हाड निर्धास्त चालवा: विंडोज एक्स, मग एम, साउंडच्या शाखेत तुमचं डिव्हाइस, त्याच्या गुणधर्मांत ड्रायव्हरच्या पानावर आधी जुन्या आवृत्तीकडे परतायचं रोल बॅकचं बटण चालतंय का बघा. ते मंद असेल तरच अनइन्स्टॉल, आणि ड्रायव्हरची फाइल पुसायच्या चौकोनाला हात लावू नका.

नव्या विद्यार्थ्याने लॅपटॉप घेतला की मी त्याला बॅगेआधी ही डबी घ्यायला लावतो. घेऊन एकदा खोचून बघा आणि तिलाही त्या जुन्या खिडकीत वेगळ्या अक्षराचं नाव द्या.

मित्राच्या कानाने ऐकायचं

एनव्हीडीएच्या २०२५.१ या आवृत्तीपासून रिमोट ॲक्सेस त्याच्या आतच येतो. दोन मशीनवर एनव्हीडीए असेल आणि दोघांनी एकच गुप्त चावी टाकली असेल तर एक जण दुसऱ्याचं मशीन आपल्या कीबोर्डवरून चालवू शकतो. यातली मजा अशी की बोलण्याचा मजकूर इंटरनेटवरून जातो आणि आवाज तयार होतो तो मित्राच्या मशीनवर. तुमचा स्पीकर मेलेला असला तरी नागपूरच्या मित्राला तुमचं मशीन ठणठणीत ऐकू येतं. एनव्हीडीए सुरू होताच आपोआप जोडलं जाण्याची सोय आहे. आधी लावून ठेवली तर ऐन वेळी फक्त फोन करायचा. हा माणूस तुमच्या मशीनवर काहीही करू शकेल, तेव्हा ज्याला घराची किल्ली द्याल त्यालाच ही चावी द्या. ब्रेल डिस्प्ले असणाऱ्यांना एवढं करावं लागत नाही, त्यांचं बोट वाचतं. पण तो आपल्यातल्या किती जणांकडे असतो?

आणि दुकानात न्यायचीच वेळ आली तर एवढं सांगा: कुठली धून वाजते, कुठली नाही, हेडफोनवर येतो का, यूएसबीवर येतो का. यूएसबीवर येत असेल तर विंडोज नव्याने टाकायची गरज नाही, हे ठामपणे म्हणा. दुरुस्तीला देऊन तसेच निघू नका. 'दुरुस्त झालं' म्हणाले की तिथेच काउंटरवर कंट्रोल ऑल्ट एन दाबा, आणि धून ऐकल्याशिवाय पैसे काढू नका.